थिबाची म्हणवली जाणारी माणकाची अंगठी लिलावात द्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजीची अंगठी आहे. मधे माणिक, भोवती हिरे. पणजोबा नोकरीनिमित्त रत्नागिरीला होते आणि बर्माच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, थिबा राजाकडून त्यांनी ती घेतली, असं घरात सांगतात. ओळखीच्या सराफांनी भिंगातून पाहून 'बर्मी आहे, पाच रत्ती भरेल' असं सांगितलं. पॉलिश करून आणि जुने हिरे नव्या कटात घडवून घेतले तर उठाव येईल म्हणाले. 2015 मध्ये जिनिव्हात एक बर्मी माणिक कॅरेटला 12 लाख डॉलर या दराने गेलं, असं वाचलं. भाऊ लंडनला असतो, पुढच्या महिन्यात येतोय. त्याच्याबरोबर पाठवून तिथल्या लिलावात द्यावी का? अंदाजे किती येतील?"

शेवटापासून सुरुवात करते, कारण भाऊ पुढच्या महिन्यात येतोय. अंगठी त्याच्याबरोबर देऊ नका. पॉलिश करू नका, हिरे नव्याने घडवू नका, आणि कृपा करून साबणाच्या कोमट पाण्यात घालून घासूही नका. किती येतील याचं उत्तर आज माझ्याकडे नाही, आणि अंगठी न तपासता जो आकडा सांगेल त्याच्याकडेही नाही. मी रत्नं तपासते, लिलावाला जाणाऱ्या दागिन्यांचं मूल्यांकन करते. या धंद्यात खोट्या खड्यांनी लोकांचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त चांगल्या जुन्या दागिन्यांवर हौसेने केलेल्या 'उजळणी'ने होतं.

आता तो जिनिव्हाचा आकडा. पाच रत्ती म्हणजे साधारण साडेचार कॅरेट, गुणिले 12 लाख, म्हणजे 54 लाख डॉलर, असा हिशोब तुम्ही मनात केला असणार. सगळेच करतात. तुम्ही वाचलेलं माणिक म्हणजे 'सनराइज रुबी'. 25.59 कॅरेट, कार्तिए या फ्रेंच पेढीच्या अंगठीत, दोन्ही बाजूंना एकेक हिरा. मे 2015 मध्ये सदबीजच्या जिनिव्हातल्या लिलावात ते 3 कोटी डॉलरच्या थोडं वर गेलं. लिलावापूर्वीचा अंदाज होता 1 कोटी 20 लाख ते 1 कोटी 80 लाख. म्हणजे हा दर विकणाऱ्यांनाही अपेक्षित नव्हता.

सोन्याला तोळ्याचा भाव असतो. माणकाला तसा कॅरेटचा भाव नसतो. विक्री झाल्यावर रकमेला वजनाने भागून तो काढतात. हे पटायला चारच विक्र्या शेजारी ठेवते. 'होप रुबी' 32.08 कॅरेटचं, म्हणजे सनराइजपेक्षा मोठं. 2012 मध्ये क्रिस्टीजच्या जिनिव्हातल्या लिलावात 67 लाख डॉलरला गेलं, कॅरेटला 2 लाख 10 हजारांच्या आसपास. 'क्रिमझन फ्लेम' 15.04 कॅरेटचं, डिसेंबर 2015, हाँगकाँग, 1 कोटी 83 लाख; कॅरेटला 12 लाखांच्या वर. 2023 मध्ये न्यूयॉर्कला विकलं गेलेलं 'एस्त्रेला दे फुरा' 55.22 कॅरेटचं, मोझांबिकचं. ते 3 कोटी 48 लाखांना गेलं, लिलावात माणकाला आलेली तोपर्यंतची सर्वांत मोठी रक्कम. पण कॅरेटला पाहिलं तर सव्वासहा लाखांच्या थोडं वर. आणि माझं आवडतं उदाहरण 'ग्राफ रुबी'चं: 8.62 कॅरेटचा तोच खडा 2006 मध्ये 36 लाखांना आणि 2014 मध्ये 86 लाखांना गेला. खडा बदलला नाही, वजन बदललं नाही. बाजार बदलला, आणि मधल्या काळात त्या खड्याला नाव मिळालं.

या सगळ्या आकड्यांत लिलावसंस्थेने खरेदीदाराकडून बोलीच्या वर घेतलेला प्रीमियमही मिळवलेला असतो. त्याचा हिशोब पुढे करू.

मग तुमच्या अंगठीची किंमत कशावर ठरेल? तीन गोष्टींवर, आणि त्याच क्रमाने: खडा नेमका काय आहे, त्यावर काय केलेलं आहे, तो कुठल्या खाणीतला आहे. कुटुंबातली गोष्ट त्यानंतर येते.

पहिला प्रश्न फार साधा आणि लोकांना अपमानास्पद वाटणारा: हे माणिकच आहे का? लाल दिसणारं सगळं माणिक नसतं. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सेस रुबी' आणि ज्यावर मुघल बादशहांची नावं कोरलेली आहेत ते 'तिमूर रुबी' ही दोन्ही मुळात स्पिनेल आहेत. शतकानुशतकं राजेरजवाडे त्यांना माणिक समजत होते, तेव्हा आपल्या पणजोबांना दोष देण्यात अर्थ नाही. स्पिनेल ओळखणं आज सोपं आहे. खड्याचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते, मोजला की पाच मिनिटांत निकाल लागतो: माणकाचा 1.76 ते 1.77, स्पिनेलचा 1.72 च्या आसपास. डायक्रोस्कोप नावाच्या छोट्या नळीतून पाहिलं तर माणिक दोन वेगळ्या छटा दाखवतं, एक जांभळट लाल आणि एक नारिंगीकडे झुकणारी. स्पिनेल एकच दाखवतं.

खरी अडचण कृत्रिम माणकाची. ओगुस्त व्हेर्नुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत वितळवून माणिक बनवायची कृती 1902 मध्ये जाहीर केली आणि काही वर्षांतच हे खडे किलोवारी बनू लागले. थिबा राजा 1916 मध्ये वारला. म्हणजे तुमची अंगठी खरोखर त्या काळातली असली तरी खडा कृत्रिम असू शकतो. 'शंभर वर्षं जुनी आहे म्हणजे खडा अस्सलच' हा युक्तिवाद माणकाच्या बाबतीत चालत नाही. त्या काळच्या युरोपीय घड्याळांत आणि अंगठ्यांत, अगदी प्लॅटिनम आणि खऱ्या हिऱ्यांच्या जोडीला, बारीक कापलेली कृत्रिम माणकं सर्रास दिसतात. आपल्याकडच्या जुन्या नथींमधला लाल खडाही बऱ्याचदा तसलाच निघतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक कसा दिसतो ते सांगते, कारण सराफाच्या दहापट भिंगाची मर्यादा त्यातून कळेल. ज्योतीत वाढवलेल्या माणकात रंगाच्या बारीक वक्र रेघा असतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. मधे एखादा गोल बुडबुडा. निसर्गात वाढलेल्या खड्यात रंगाच्या रेघा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात. मोगोकच्या, म्हणजे बर्मातल्या जुन्या नावाजलेल्या खाणींच्या, खड्यात आखूड, दाट, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या रुटाइल नावाच्या खनिजाच्या सुया दिसतात. धंद्यात त्याला 'रेशीम' म्हणतात, आणि तिरका प्रकाश टाकला की त्यावर खरोखरच रेशमी लकाकी येते. शेजारी कॅल्साइटचे गोलसर स्फटिक असतात, आणि रंग सगळीकडे सारखा न पसरता पातळ पाकात घट्ट पाक ओतल्यासारखा वळसे घेत गेलेला असतो. हे तिन्ही एकाच खड्यात दिसलं की माझा हात आपोआप हलका पडतो.

अतिनील टॉर्चचा प्रयोग तुम्ही घरीही कराल, म्हणून सावध करते. मोगोकचं माणिक त्या प्रकाशात भडक लाल पेटतं, कारण ते संगमरवराच्या खडकात जन्मतं आणि त्यात लोखंड फार कमी असतं. थायलंडच्या माणकात लोखंड जास्त, म्हणून ते जेमतेम उजळतं. पण कृत्रिम माणकात लोखंड जवळजवळ नसतंच, त्यामुळे ते मोगोकपेक्षाही जोरात पेटतं. टॉर्चखाली अंगठी निखाऱ्यासारखी दिसली म्हणून पेढे वाटू नका.

दुसरा प्रश्न तापवण्याचा. बाजारातली बहुतेक माणकं भट्टीत तापवून रंग आणि स्वच्छता सुधारलेली असतात. यात फसवणूक नाही, सांगून विकलं तर हा मान्य व्यवहार आहे. पण लिलावात तापवलेलं आणि न तापवलेलं यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो. वर सांगितलेली नावाजलेली माणकं त्या भावाला गेली त्यात 'तापवल्याची खूण नाही' या एका ओळीचा वाटा फार मोठा आहे. तापवल्यावर रेशमाच्या सुया तुटून ठिपक्यांच्या ओळी होतात, आतले स्फटिक फुगून भोवती चकतीसारखी चीर पडते, आणि टाकणखार वापरला असेल तर बुजलेल्या चिरांत काचेसारखा अंश राहतो. 1992 नंतर बाजारात आलेली म्यानमारच्याच माँग सू भागातली माणकं जवळजवळ सगळी तापवलेली असतात. मुळात त्यांच्या गाभ्यात निळी झाक असते, ती घालवायला. म्हणजे 'बर्मी' एवढं म्हणून भागत नाही, बर्मी कुठलं आणि कसं हेही आलं.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे शिशाची काच भरलेली माणकं. ही 2004 च्या सुमारास बाजारात आली. चिरांनी भरलेला, जवळजवळ निरुपयोगी खडा घेऊन त्यात काच मुरवतात. सोनाराने दिव्याची ज्योत लावली किंवा तेजाबात घातलं की आतली काच खराब होते आणि खडा डागाळतो. लिंबाच्या रसाचाही तिच्यावर परिणाम होतो. तुमच्या अंगठीचा खडा मध्यंतरी कुणी बदलला नसेल तर ही भीती नाही. पण 'कुणी बदलला नसेल' हे तपासावं लागतं. खडा धरणारे काटे बाकीच्या घडणीपेक्षा नवे, वेगळ्या रंगाच्या सोन्याचे किंवा डाख दिलेले दिसले तर मी थांबून विचारते.

तिसरा प्रश्न मूळ स्थानाचा. भिंगातून पाहून 'बर्मी' सांगणं म्हणजे चांगल्या अनुभवी माणसाचा कयास, त्याहून जास्त काही नाही. आज प्रयोगशाळा खड्यातलं लोखंड, व्हॅनेडियम, गॅलियम यांचं प्रमाण मोजून आणि आतल्या खुणा जुळवून मत देतात. तेही मतच असतं, आणि क्वचित दोन नामांकित प्रयोगशाळांची मतं वेगळी पडतात. मोठ्या लिलावात रंगीत खड्यांसाठी स्वित्झर्लंडच्या एसएसईएफ आणि ग्युबेलिन या प्रयोगशाळांचे रिपोर्ट मानतात, अमेरिकेत जीआयए आणि एजीएल यांचेही. 'पिजन ब्लड', म्हणजे माणकाचा सर्वांत नावाजलेला गडद लाल रंग, हा शब्द दुकानात कुणीही वापरतो. एसएसईएफ आणि ग्युबेलिन यांनी 2015 मध्ये त्याचे निकष एकमेकांशी जुळवून घेतले, आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तो शब्द रिपोर्टच्याच आधारावर छापतात. मोझांबिकच्या मोंतेप्वेझची खाण 2009 ची. अंगठीची मूळ घडण आणि मूळ खडा शाबूत असेल तर ती शक्यता आपोआप बाद होते. उरतं बर्मा, सयाम (थायलंड), सिलोन (श्रीलंका). त्या काळी मुंबईच्या बाजारात तिन्हींची माणकं होती.

आपल्याकडे जयपूरची रत्नपरीक्षण प्रयोगशाळा रंगीत खड्यांसाठी जुनी आणि विश्वासाची आहे. मुंबईतही चांगल्या प्रयोगशाळा आहेत. पहिला रिपोर्ट इथेच करून घ्या. अंगठी बंद कोंदणाची असेल, म्हणजे खड्याची मागची बाजू सोन्याने झाकलेली असेल, तर वजन मोजता येत नाही, मापांवरून अंदाज करतात. आणि बंद कोंदणात खड्यामागे रंगीत किंवा चकचकीत पत्रा घालायची पद्धत होती. तुम्हाला दिसतोय तो लाल रंग खड्याचा किती आणि पत्र्याचा किती, हे खडा बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. पाणी आत शिरलं की हा पत्रा काळा पडतो. साबणपाण्याला मी आधी नाही म्हटलं ते यासाठी. खडा काढायची वेळ आलीच तर लिलावसंस्थेच्या कारागिराकडून, सगळ्या बाजूंनी फोटो काढून झाल्यावर.

हिऱ्यांबद्दल फार लांबण लावत नाही. भोवतीचे हिरे जुन्या हाताच्या कटाचे असतील: उंच माथा, खाली छोटा चपटा कापलेला तळ, कडा थोड्या वेड्यावाकड्या. दिव्याखाली ते आजच्या ब्रिलियंटसारखे चमचमत नाहीत, मोठे मोठे तुकडे उजळतात. एकेकाळी हे हिरे सरळ सुरतेला पाठवून नवे करून आणत. आज त्याच कटाला संग्राहक जास्त पैसे देतात, आणि नव्या कटात वजन जातं ते वेगळंच. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला नाशिकचा हिरा 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. 1940 मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन रत्नव्यापाऱ्याने तो घेतला तेव्हा 80 कॅरेटच्या आसपास होता. नव्याने कापल्यावर 43.38 उरला. 1970 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 5 लाख डॉलर आले. विन्स्टनला ते परवडलं. बारीक हिऱ्यांच्या अंगठीला परवडत नाही.

पॉलिशला विरोध याहून साध्या कारणासाठी. अंगठीच्या आतल्या बाजूला अस्पष्ट शिक्के, आकडे, कुणा पेढीचं नाव असू शकतं. फ्रान्समध्ये बनलेल्या 18 कॅरेट सोन्यावर गरुडाचं डोकं असतं, प्लॅटिनमवर कुत्र्याचं, मिलिमीटरभराचे शिक्के. कार्तिए किंवा व्हान क्लीफसारख्या पेढ्या दागिन्यावर क्रमांक कोरतात, आणि त्यावरून त्यांच्या वह्यांत नोंद सापडू शकते. बफिंगच्या चाकावर अंगठी दोन मिनिटं धरली की हे सगळं गुळगुळीत होतं. सही असलेल्या आणि नसलेल्या दागिन्यात मिळणारा फरक मग कुणीही भरून देत नाही.

आता थिबा. 1885 च्या अखेरीस इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. आज जो थिबा पॅलेस म्हणून दाखवतात तो 1910 मध्ये बांधून झाला. मोगोकच्या खाणी राजाच्या मालकीच्या होत्या. बर्माच्या राजांना माणकांचे स्वामी म्हणत. मंडाले पडलं तेव्हा 'नगा मौक' नावाचं प्रसिद्ध माणिक गायब झालं. आपण ते कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन केलं होतं, असं थिबाचं म्हणणं होतं. ते परत मिळालं नाही. पेन्शन पुरेना म्हणून राजाने बरोबर आणलेले दागिने रत्नागिरीत विकले, हेही खरं. त्यामुळे तुमच्या घरातली गोष्ट अशक्य मुळीच नाही. पण कोकणात थिबाचं काहीतरी बाळगून असलेली घरं मला इतकी भेटली आहेत की ते सगळं खरं मानलं तर राजाने गलबतं भरून माल आणला असावा.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये गोष्ट छापायला कागद लागतो. खरेदीची पावती, पणजोबांचं पत्र, मृत्युपत्रातला उल्लेख, आजीच्या हातात अंगठी दिसते असा तारखेचा फोटो, जुनं विम्याचं मूल्यांकन, मूळ डबी. असा कागद असेल तर मालकाच्या नावाने किती फरक पडतो ते 2011 मध्ये दिसलं. एलिझाबेथ टेलरला रिचर्ड बर्टनने 1968 मध्ये दिलेली व्हान क्लीफची माणिक-हिऱ्यांची अंगठी, 8.24 कॅरेट, अंदाज होता 10 ते 15 लाख डॉलर, आणि ती गेली 42 लाखांना. कागद नसेल तर कॅटलॉगमध्ये फार तर 'कुटुंबातील माहितीनुसार' एवढंच येईल, आणि त्या शब्दांना जाणकार शून्य रुपये देतात.

आणि इथेच तुमच्या प्रश्नातला खरा पेच आहे, जो सराफांनी सांगितला नाही. भारतात 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते, आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हातात घालून नेली तरी ती निर्यातच. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. थिबा 1916 मध्ये गेला. म्हणजे तुम्ही जितक्या भक्कम पुराव्यानिशी अंगठी थिबाची असल्याचं सिद्ध कराल, तितक्याच भक्कमपणे ती शंभर वर्षांहून जुनी असल्याचंही सिद्ध होईल. मग लंडन, जिनिव्हा, न्यूयॉर्क हे सगळं बंद. किंमत वाढवणारी गोष्टच अंगठीला देशात अडकवून ठेवते.

उलट बाजूही पाहा. घडण पाहून कदाचित असं निघेल की अंगठी 1930 च्या सुमाराची आहे. बर्मी दरबारी दागिना असेल तर सोनं जास्त कसाचं, कोंदण बंद, खडा बहुधा गोटीसारखा किंवा ओबडधोबड कापलेला असेल. तुमची अंगठी उघड्या काट्यांची, प्लॅटिनमची, हिरे नेटके बसवलेली असेल तर ती युरोपीय धाटणीची, विसाव्या शतकातली. तसं असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र घेऊन ती बाहेर नेता येईल. पण मग थिबाचं नाव घेता येणार नाही. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत.

लोक विचारतात, मग महाराजांचे दागिने न्यूयॉर्कला कसे विकले जातात? जून 2019 मध्ये क्रिस्टीजने तिथे भारतीय दागिन्यांचा जो संग्रह विकला, 10 कोटी 90 लाख डॉलरच्या वर गेला तो, त्यात पतियाळाच्या महाराजांसाठी कार्तिएने 1931 मध्ये केलेला माणकांचा गळ्यालगतचा हारही होता. असे दागिने बहुतेक फार पूर्वी देशाबाहेर गेलेले असतात. जे इथे राहिले त्यांचं काय होतं हे निजामाच्या दागिन्यांवरून कळतं. 173 दागिने, जेकब हिऱ्यासकट, भारत सरकारने 1995 मध्ये 218 कोटींना घेतले, परदेशी लिलावसंस्थांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी किमतीत. परदेशी बोली नसली की भाव असा राहतो.

म्हणून अंगठी जुनी ठरली तर भारतातल्याच लिलावात द्या. मुंबईत सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू अशा संस्था दागिन्यांचे लिलाव करतात, आणि निर्यात न होणाऱ्या वस्तू तशी नोंद करून विकतात. खरेदीदार देशातलाच. भाव जिनिव्हाचा येणार नाही, पण झवेरी बाजारात गल्लोगल्ली फिरवून मिळेल त्यापेक्षा बराच बरा येईल, आणि महत्त्वाचं म्हणजे किंमत चारचौघांसमोर ठरेल.

अंगठी बाहेर नेता येण्याजोगी निघाली आणि माणिक न तापवलेलं बर्मी ठरलं, तर जिनिव्हाचे मे आणि नोव्हेंबरचे लिलाव योग्य. तिथे एक कागद आणखी कामी येतो. अमेरिकेने 2003 पासून बर्माच्या मालावर बंदी घातली, 2008 च्या कायद्याने तिसऱ्या देशात घडवलेल्या बर्मी माणकांनाही अडवलं, आणि 2016 मध्ये बंदी उठवली. 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी रत्नकंपनीवर पुन्हा निर्बंध आले. त्यामुळे खडा बर्माबाहेर फार पूर्वीच पडला होता हे दाखवणारा जुना फोटो किंवा पावती आता जास्तच मोलाची झाली आहे.

लिलावाआधी काही दिवस दागिने पाहायला ठेवतात. खरा लिलाव तिथे होतो. व्यापारी येतो, अंगठी ट्रेमधून उचलतो, कापडाने पुसतो, आधी डोळ्यांनी खिडकीच्या उजेडात पाहतो, मग दिव्याच्या, मग भिंगाने. रिपोर्टची पानं उलटतो, अंगठी परत ठेवतो, चेहऱ्यावर काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा त्याच ट्रेपाशी आला तर समजायचं. अशी दोन-तीन माणसं पुन्हा आली की हातोड्याची चिंता मिटली.

ती यावीत यासाठी अंदाज कमी ठेवा. विकणाऱ्याला हे पचत नाही, पण माझं मत ठाम आहे. जास्त अंदाजाने व्यापारी खुर्चीतच बसत नाही. रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही ती गुप्त किंमत, खालच्या अंदाजाच्या वर ठेवता येत नाही, तेव्हा संरक्षण तेवढंच असतं. तरी ते पुरेसं असतं. न विकला गेलेला दागिना सगळ्यांना माहीत होतो, इंटरनेटवर नोंद राहते, आणि पुढची काही वर्षं त्याला कुणी हात लावत नाही.

हातात काय पडतं? समजा हातोडा 50 लाखांवर पडला. खरेदीदार त्यावर प्रीमियम देतो, 20 टक्के धरू. बातमीत 60 लाख छापून येतील. परदेशातल्या मोठ्या संस्थांत हा प्रीमियम खालच्या टप्प्याला याहून जास्त असू शकतो. तुमच्या 50 मधून विक्रेत्याचं कमिशन, साधारण 10 टक्के, वर विमा, फोटो, रिपोर्टचा खर्च. कमिशनवर बोलणी होतात. चांगल्या वस्तूला ते कमी करून मिळतं, विमा आणि फोटो माफ करून घेता येतो. मागायला लाजू नका. करार सही करण्यापूर्वी एक ओळ नक्की वाचा: विकलं गेलं नाही तर किती द्यावं लागेल.

करही धरा. वारशाने आलेल्या दागिन्याला आधीच्या मालकाची मुदत मोजतात, त्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली नफा. 1 एप्रिल 2001 ची वाजवी किंमत मूळ खर्च म्हणून घेता येते आणि 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला दर 12.5 टक्के आहे. 2001 च्या किमतीचा मूल्यांकनाचा दाखला विक्रीआधी करून घ्या, अंगठी हातातून गेल्यावर तो कशाच्या आधारावर देणार?

आजीची एकच अंगठी आणि वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांची लेखी संमतीही लागेल, भावाची धरून. तो येणारच आहे तर ते काम त्याच्याकडून करून घ्या, आणि घरातले जुने अल्बम त्याच्याबरोबर बसून चाळा. आजीच्या हाताचे फोटो शोधायचे आहेत, चेहऱ्याचे नव्हेत.

रिपोर्टमध्ये 'कृत्रिम' किंवा 'थायलंड, तापवलेलं' असं आलं तर मोठ्या लिलावाचा विचार सोडून द्या. त्या अंगठीची किंमत मग जुने हिरे, सोनं आणि घडण यांची. मोडीत मात्र घालू नका. जुन्या दागिन्यांचा व्यवहार करणारा व्यापारी तिला मोडीच्या भावापेक्षा जास्त देईल, आणि तेवढ्यासाठी घाई करायचं कारण नसेल तर कुणीतरी बोटात घाला.